टायरचं मला विचारायचं!

...आणि विचारलं कोणाला? केतनला! म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या मुलाला! ज्याच्या स्कूटरच्या चाकात हवा नाही हे त्याला हँडल लटपटायला लागल्यावर कळतं, त्याला! आणि मी शेजारी सोफ्यावर बसलेलो, हातात चहा, चहात खारी, ती खारी विरघळून तळाला गेली तरी मला पत्ता नाही, कारण माझी सख्खी मुलगी तिकडे कॅनडात, विनिपेगला बसून फोनवर विचारतेय, 'केतनदादा, बर्फात चालवायला कुठली गाडी घेऊ? आणि टायर कुठले घालू?' आता तुम्हीच सांगा मंडळी, टायरचं मला विचारायचं नाही तर कोणाला विचारायचं?

तुम्हाला सांगतो, प्रभाकर टायरवाला म्हटलं की कळंबोलीच्या स्टील मार्केटात कोणीही हात करून दाखवेल... वजनकाट्याच्या समोर, बत्तीस वर्षं झाली. न्हावा शेव्याचे ट्रेलर माझ्याकडे येतात. ट्रेलर नुसता दुकानासमोरून गेला ना, तरी मी खुर्चीत बसून सांगतो, मागच्या डाव्या जोडीतला आतला टायर गेलाय. टायरवरून तळवा फिरवला की ड्रायव्हर ब्रेक किती मारतो, घाटात घाई करतो का, सगळं कळतं. घरी बायकोशी भांडून निघालाय का, हेही कळतं, पण ते मी बोलत नाही, गिऱ्हाईक तुटतं. असा माणूस घरात बसलाय आणि समीक्षा विचारते केतनला, जो कामोठ्यात एका ऑफिसात बसून लोकांचे विमे उतरवतो!

तशी पोरगी माझ्या दुकानातच वाढली हो. शाळा सुटली की यायची आणि टायरच्या थप्पीत आत उतरून अभ्यास करायची. बाहेरून नुसत्या दोन वेण्यांची टोकं दिसायची. गिऱ्हाईक विचारायचं, शेठ, आत कोण आहे? मी म्हणायचो, ट्यूब आहे. नर्स झाली, मग परदेशाचं डोक्यात घेतलं, जाताना विमानतळावर म्हणाली, 'दोन वर्षांत येते पप्पा.' आता तिसरं चाललंय. पहिल्या हिवाळ्यात रोज फोन यायचा, रडायची नाही, पण बोलताना नाक ओढायची, म्हणायची थंडीमुळे वाहतंय. आम्ही म्हणायचो, हो, थंडीमुळेच.

आमच्याकडे हिवाळा म्हणजे काय सांगू? दोन दिवस स्वेटर आणि एक दिवस पोपटी. शेतावर मडकं घ्यायचं, आत भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी, तोंड पाल्याने बंद, मडकं उपडं घालायचं आणि वरून जाळ. ती इथे होती तेव्हा पहिली शेंग तिची. आता मी फोन जाळाकडे धरतो आणि ती तिकडून म्हणते, 'पप्पा, अजून जवळ धरा.' अजून किती जवळ धरू? फोनचं कव्हर वितळलं गेल्या वर्षी! केतननेच बदलून दिलं, ते एक काम त्याने बरं केलं.

तर गाडी का पाहिजे होती? तिची नोकरी गावाबाहेर एका वृद्धाश्रमात, चाळीस किलोमीटर. सकाळी सातला हजर व्हायचं, बस तिकडे जात नाही, आणि जिच्या गाडीतून जायची ती मैत्रीण दुसऱ्या गावी चालली. बरं, तिच्याबरोबरची एक बाई गेल्या हिवाळ्यात गाडी घसरून रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात गेली आणि चार तास तिथेच बसून राहिली, बाहेर उणे तीस. हे समीक्षाने आम्हाला सांगितलं नव्हतं. केतनला सांगितलं होतं! आम्हाला काळजी वाटेल म्हणून! आता मला सांगा, आईबापांना काळजी वाटायची नाही तर काय विमा एजंटाला वाटायची?

आणि केतन काय म्हणाला ऐका. म्हणाला, 'समी, चारही चाकांना ताकद जाते अशी मोठी गाडी घे, मग टायर कुठलेही चालतील.'

कुठलेही चालतील! माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर बसून! मंडळी, मी आयुष्यात कोणाच्या हातातून काही हिसकावलं नाही, पण तो फोन हिसकावला. म्हटलं, 'बाळा, गाडी कुठलीही घे, टायरच्या बाजूला बघ, एम, अधिकचं चिन्ह आणि एस असं लिहिलेलं असलं पाहिजे. तोच घे.' ती म्हणाली, का पप्पा? म्हटलं, 'का म्हणजे? मान्सून स्पेशल!'

मला वाटलं रेंज गेली. मग हसण्याचा आवाज... अहो, हसतेय, हसतेय, थांबेच ना. मग म्हणाली, 'पप्पा, एम म्हणजे मड आणि एस म्हणजे स्नो. चिखल आणि बर्फ.'

बत्तीस वर्षं! तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं दर जूनला मी गिऱ्हाईकाच्या खांद्यावर हात ठेवून, अक्षरं बोटाने दाखवून, 'मान्सून स्पेशल आहे शेठ, कंपनीने खास आपल्या पावसासाठी काढलाय' म्हणून ते टायर विकले. लोक खूश होऊन गेले, परत आले, भावाला घेऊन आले! त्या दिवशी दुकानात गेलो, शटर वर केलं आणि एका टायरसमोर उकिडवा बसलो. एम अधिक एस. एवढी वर्षं तिचा तो बर्फ माझ्याच दुकानात भिंतीला टेकून उभा होता आणि मी त्याच्यावर रोज फडकं मारत होतो.

पण मीही हट्टाचा. म्हटलं शिकू. तिने सांगितलं होतं, सात डिग्रीच्या खाली आपल्याकडचा रबर कडक होतो, म्हणून तिकडे हिवाळ्याचा टायर वेगळा, मऊ रबराचा. मी म्हटलं, असं कसं, रबर तो रबर. टायरचा एक तुकडा कापला आणि घरच्या फ्रीजरमध्ये ठेवला, आमच्या शकूच्या सुरमईशेजारी. शकू म्हणजे आमची मंडळी. तिने सकाळी मासळी काढायला दार उघडलं आणि थंडपणे विचारलं, 'अवो, ही काली मासली कंची?' म्हटलं, वाकवून बघ. तिने वाकवला, वाकेना. मी वाकवला, जेमतेम वाकला. तोच तुकडा आदल्या संध्याकाळी चपातीसारखा वाकत होता हो! मग मात्र मला त्या खड्ड्यातल्या गाडीत बसलेली बाई दिसायला लागली. चेहरा मात्र तिचा दिसेना, आमच्या पोरीचाच दिसे.

मग मी काय केलं? केतनला घेऊन करंजाच्या बंदरावर गेलो. तिथे कुंदन म्हणून माझा जुना गिऱ्हाईक, त्याचा बर्फाचा कारखाना, बोटींना बर्फ तिथून जातो. म्हटलं, कुंदन, मला बर्फावर गाडी चालवून बघायचीय. त्याने आधी माझ्या तोंडाजवळ येऊन वास घेतला. मग म्हणाला, चाल. वीस लाद्या फोडून फरशीवर पसरल्या, मी माझी गाडी आणली, नव्या टायरची, मान्सून स्पेशल! पंधराच्या वेगाने आलो आणि ब्रेक मारला. मंडळी, चाकं थांबली. गाडी नाही थांबली! ती मला घेऊन अगदी शांतपणे, कसलाही आवाज न करता, लग्नात नवरा मांडवात येतो तशी रमतगमत कुंदनच्या बांगडा मासळीच्या क्रेटांमध्ये शिरली. कुंदन जवळ आला, काचेतून वाकून म्हणाला, 'दादा, बरफात मावरं टिकतं, गाडी नाय टिकत.'

तो सगळा पराक्रम केतनने मोबाईलवर घेतला होता आणि मी अडवायच्या आत तिकडे पाठवलाही. म्हटलं, आता पुन्हा हसणार. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला फोन आला, आमची सकाळ म्हणजे तिची रात्र. हसली नाही. आधी विचारलं, 'पप्पा, लागलं नाही ना?' मग म्हणाली, पण हा तो बर्फ नाही. मी म्हटलं, मग काय गुळाची ढेप आहे? ती म्हणाली, 'हा आईस, पप्पा. वरून पडतो तो स्नो.' म्हटलं, दोन्ही बर्फच ना? तर म्हणाली, तीच तर पंचाईत आहे, आपल्याकडे सगळ्याला एकच शब्द.

आणि खरं आहे हो! चिखलाला आपल्याकडे किती शब्द, चिखल, राडा, रेंदा, गाळ, पाय कुठवर जातो त्याप्रमाणे नाव बदलतं. बर्फाला एकच, कारण आपला पाय कधी त्यात गेलाच नाही. पुस्तकात हिम आहे म्हणे, पण हिम पडलं असं कोणी फोनवर सांगतं का? ती मला एकेक सांगायला लागली... आधी पडतो तो पिंजलेल्या कापसासारखा, फुंकर मारली तर उडेल. मग त्यावरून गाड्या जातात, तो दबतो, फरशीसारखा होतो. मग दुपारी थोडा वितळतो, संध्याकाळी परत गोठतो, आणि मग असा एक थर होतो की दिसतच नाही, रस्ता नुसता ओला वाटतो, त्याला काळा बर्फ म्हणतात आणि तो काळा नसतो. म्हणाली, 'मी बर्फ पडलाय म्हणते आणि तुम्हाला वाटतं कुंदनकाकाची लादी पडली.' मी विचारलं, बाळा, यातल्या कशावरून चालवायचीय तुला गाडी? ती म्हणाली, 'सगळ्यावरून, पप्पा.'

दोन वर्षं फोनवर बोलतोय आम्ही. जेवलीस का, बर्फ आहे का, बर्फ आहे, काळजी घे. आणि मला ती कशात उभी आहे तेच माहीत नव्हतं.

शेवटी वातावरण हलकं करायला म्हणून ती म्हणाली, तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ वितळायला. शकू मागून म्हणाली, 'मीठ रस्त्याव? पाय लागंल त्याला!' आणि मी... मी ताठ बसलो. कारण मीठ! अहो, आम्ही आगरी, आमच्या नावातच आगर आहे, माझा बाप मिठागरात वाढला, मिठागरं गेली, जमिनी गेल्या, आता तिथे बिल्डिंगी आहेत, पण मिठाने लोखंडाचं काय होतं ते आम्हाला कोणी सांगायचं? आमच्या घरी फावड्याचं पातं दोन मोसम टिकलं तर बाप त्याला हार घालायचा! मी म्हटलं, 'बाळा, नीट ऐक. गाडी वरून धुतली नाहीस तरी चालेल, खालून धू. दर पंधरा दिवसांनी, चाकांच्या आत, ब्रेकच्या नळ्या, सगळं. मीठ खालून खातं आणि गाडी वरून चकचकीत दिसत राहते.' तिकडे खरखर आवाज आला. म्हटलं काय करतेयस? म्हणाली, 'लिहून घेतेय.'

लिहून घेतेय! मंडळी, मी दुकानात जाऊन अकरा माणसांना सांगितलं की कॅनडात माझं बोलणं लिहून घेतात.

तिथून चक्र फिरलं. रोज साडेआठला फोन, आणि केतनला नाही, मला! पप्पा, बर्फाचे टायर पुढच्या दोनच चाकांना घातले तर? म्हटलं, अजिबात नाही, पुढचं चाक धरेल आणि मागचं तुझ्यापुढे निघून जाईल, चारही घाल. पप्पा, थंडीत हवा कमी होते का? म्हटलं, होते, बघत राहा. पप्पा, ती मोठी गाडी घेऊ की छोटी? म्हटलं, केतनची मोठी गाडी तुला निघायला मदत करेल, थांबायला नाही. निघायला गाडी लागते बाळा, थांबायला टायर लागतो. तू छोटी घे, नीट चाललेली, आणि टायर राजासारखे घे. मग तिने छोटीच ठरवली, त्या गाडीला एक वायर होती बाहेर लोंबणारी, रात्री इंजिन गोठू नये म्हणून भिंतीतल्या प्लगला लावून ठेवायची, मोबाईलसारखी! बत्तीस वर्षं धंदा करून हे पहिल्यांदा ऐकलं. मी तिच्याकडून शिकतोय, ती माझ्याकडून शिकतेय, रोज अर्धा तास... तुम्हाला सांगतो, ती गेल्यापासून आम्ही इतकं बोललोच नव्हतो. चहात खारी बुडाली तरी चालेल असे दिवस होते ते. अभिमानाने सांगायचो, टायरचं मला विचारते, मला!

आणि मग तो फोन आला.

म्हणाली, 'पप्पा, टायर दोन प्रकारचे मिळतायत. एक वापरलेला सेट आहे, नक्षी चांगली आहे, बाजूला खऱ्या हिवाळी टायरवर असतो तो डोंगर आणि बर्फाच्या फुलाचा छापही आहे, दुकानदार म्हणतो दोन हिवाळे आरामात काढेल. दुसरा नवा, तो पाच हिवाळे जाईल. मी तर दोन वर्षांत येणारच आहे, मग तो जुना पुरेल ना? तुम्ही म्हणाल तो घेते.'

दोन वर्षांत येणारच आहे! शकू स्वयंपाकघराच्या दारात आली, ओले हात तसेच. मला फक्त एक शब्द म्हणायचा होता... पुरेल. बस. बत्तीस वर्षं गिऱ्हाईकाला सांगत आलो, टिकणारा घ्या शेठ, टिकणारा घ्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं की जगातला सगळ्यात लवकर झिजणारा टायर कुठे मिळतो तो शोधून तिला पाठवावा.

पण जीभ मेली धंद्याची. म्हटलं, 'बाळा, त्या जुन्या टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे वाच.' तिने वाचले, चार, शून्य, एक, आठ. म्हणजे चाळिसावा आठवडा, सन अठरा. सात वर्षांचा रबर. नक्षी कितीही छान असू दे, आतून तो मेलाय, तो फ्रीजरमधला तुकडा आहे तो. हे तिला कळलं नसतं. तिकडच्या दुकानदाराने सांगितलं नसतं. शकूला तर कळलंच नसतं. हे फक्त मला कळलं होतं.

मी म्हटलं, 'नवा घे.'

ती हळूच म्हणाली, 'पाच हिवाळ्यांचा, पप्पा?'

म्हटलं, 'पाच हिवाळ्यांचा. चारही.'

फोन ठेवला. शकू दारातच उभी. म्हणाली, 'पाच हिवाले म्हंजे पाच पोपट्या. तिच्याबिगर.' मी समजावलं, म्हटलं अगं, असं काही नसतं, टायर तिकडे विकून माणूस कधीही येऊ शकतं, टायरला काय बांधून घातलंय का तिला? शकू कधी दुकानात पाऊल टाकत नाही, पण बत्तीस वर्षं टायरवाल्याच्या घरात राहिलीय. म्हणाली, 'तुमच्या एका तरी गिऱ्हाइकानं अर्दा झिजलेला टायर टाकलेला बघितलाव का तुमी?'

नाही बघितला. खरंच नाही बघितला.

काल फोटो आला. मागे सगळं पांढरं, आता मला कळतं, तो दबलेला नाही, ताजा आहे, कापसावाला. छोटी लाल गाडी, आणि शेजारी आमची समीक्षा उकिडवी बसलेली, जाड कोटात नुसतं नाक दिसतंय, हातमोजा काढून टायरवर तळवा ठेवलेला... अगदी माझ्यासारखा. खाली लिहिलंय, 'पप्पा, जोरात ब्रेक मारून बघितला. जागेवर थांबली.' मी तो फोटो सगळ्या स्टील मार्केटला दाखवला. वजनकाट्यावाल्याला दोनदा दाखवला. सगळे म्हणाले, वा शेठ, टायरचं तुम्हाला विचारायचं नाही तर कोणाला विचारायचं!

मी मान डोलावली. केतनला विचारलं असतं ना, तर कुठलेही चालतील म्हणाला असता... आणि दोन हिवाळ्यांत पोर घरी आली असती हो.